कुचेरांचे दोन कागद

खोलीत सोळा संगणक होते, सोळा खुर्च्या होत्या आणि पंधरा मुलं. सोळावा मुलगा आजोबांच्या शेतावर गवताच्या गाठी बांधायला गेला होता, तो अजून आलाच नव्हता. रिकामी खुर्ची बघून डॅरल कुचेरा म्हणाला, "मॅडम, मी बसू का? बघू तरी, पोरांना काय छळता ते."

मुलं हसली. शाळेच्या अमेरिकन फुटबॉल संघाची तब्येत सांभाळणाऱ्या लिंडग्रेनबाई हसल्या नाहीत. "बसा. म्हणजे ऑक्टोबरमध्ये माझ्याशी भांडायला येणार नाही."

डॅरल आपल्या मुलाशेजारी, एमेटशेजारी, बसला. गावात त्याला सगळेच ओळखत. पंचवीस वर्षांपूर्वी तो कॉलेजच्या संघाचा क्वार्टरबॅक होता. प्रत्येक डाव त्याच्या हातून सुरू व्हायचा. आता शाळेच्या संघात ती जागा एमेटची होती. हंगामाच्या पहिल्याच सामन्याला दोन विद्यापीठांची माणसं त्याला बघायला येणार होती. त्यांना तो आवडला तर चार वर्षांचं शिक्षण फुकट, नाहीतर बापासारखी धान्याच्या कोठारावर नोकरी.

परीक्षा साधी होती. पडद्यावर एकामागून एक बारा शब्द दिसायचे. मग वीस मिनिटं आकडे, आकृत्या, रंग. शेवटी ते बारा शब्द आठवून लिहायचे. आजचे गुण जपून ठेवायचे. हंगामात कुणाच्या डोक्याला मार बसला की हीच परीक्षा पुन्हा, आणि गुण आजच्यापेक्षा घसरले तर भरून निघेपर्यंत मैदान बंद.

म्हणून आज गुण कमीच पाडायचे. ही अक्कल गावातल्या बऱ्याच बापांना होती, पण डॅरलने तिचा अभ्यास केला होता. तीन आठवडे रोज संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी तो कागदावरून शब्द वाचायचा आणि एमेट ते बेताने विसरायचा.

"किती विसरायचे?" शाळेच्या आवारात गाडी लावताना डॅरलने पुन्हा विचारलं होतं.

"चार."

"चारच. पाच झाले की त्या बाईला वास येतो. पकडला गेलास तर पहिले दोन सामने बाकावर. मग कोण बघणार तुला?"

"आणि खरंच मार बसला तर, बाबा?"

"आमच्या वेळी कोच बोटं दाखवायचा. किती? तीन. जा, खेळ. कॉलेजात नऊ-दहा वेळा झालं असेल तसं. काय बिघडलं माझं?"

एमेटने हात पुढे करून गाडीचं तसंच चालू राहिलेलं इंजिन बंद केलं आणि तो उतरला.

डॅरलने मात्र परीक्षा मन लावून दिली. त्याला चुकायचं काही कारण नव्हतं. शब्द लिहून त्यानेच सगळ्यांच्या आधी हात वर केला.

अर्ध्या तासाने बाईंनी बाकीच्यांना सोडलं. तरी चार-पाच जण दाराशी रेंगाळलेच. बाईंच्या हातात छापून आलेल्या गुणांचे दोन कागद उरले होते.

"दोन्हींवर नाव म्हणून नुसतं कुचेरा आहे," त्या म्हणाल्या. "एकात बारापैकी बारा. दुसऱ्यात बारापैकी तीन. अकरा वर्षं घेतेय मी ही परीक्षा. तुझ्या वयाच्या धडधाकट पोराला तीन पडत नाहीत, एमेट. पाडावे लागतात. हा कागद तुझा ना?"

एमेट दोन्ही कागदांकडे बघत राहिला. मग बापाकडे.

"हो," तो म्हणाला. "मुद्दाम केलं."

"पहिले दोन सामने बाकावर बसायचं. पहिल्याला कोण येतंय, माहीत आहे?"

"माहीत आहे."

बाई नवे शब्द काढायला वळल्या तसा डॅरल मुलाच्या कानाशी वाकला. "चार सांगितले होते, गाढवा. नऊ?"

"मोजताना चुकलं."

"तीन आठवडे मोजायला शिकवलं तुला."

"सॉरी, बाबा."

बाईंनी एमेटची परीक्षा पुन्हा घेतली, शेजारी खुर्ची टाकून. या वेळी बारापैकी बारा.

"रक्तातच आहे," डॅरल दाराकडे वळून पोरांना म्हणाला. राग अजून होता, पण मान ताठ होती. "सत्तेचाळिसाव्या वर्षी बारापैकी बारा. शिका काहीतरी."

"चोरून टिपून ठेवले असतील, काका," ट्रेंट नावाचा एक दांडगा पोरगा म्हणाला.

"चोरून? मॅडम, वाचा नवे बारा. तोंडी, या सगळ्यांसमोर."

"बाबा, चल ना. आई जेवायची थांबलीय."

"थांबेल की."

"बाबा, राहू दे." एमेटने त्याची बाही धरली. डॅरलने ती सोडवून घेतली.

बाईंना पहिल्यांदाच हसू आलं. त्यांनी बारा शब्द सावकाश वाचले आणि घड्याळ लावलं. मधली वीस मिनिटं डॅरलने पोरांना अठ्ठ्याण्णव सालचा शेवटचा सामना सांगितला. कुठला डाव, चेंडू कुणाला फेकला, किती यार्ड, वारा कुठून होता. एक आकडा अडला नाही. पोरं तोंडाचा आ करून ऐकत होती. एमेट खिडकीकडे तोंड करून उभा होता.

"हं, सांगा आता," बाई म्हणाल्या.

"बादली," डॅरल म्हणाला. "घोडा."

तो छताकडे बघून हसला. मग पोरांकडे बघून हसला. ट्रेंटचं च्युइंगम चघळणं थांबलं. बाईंनी पेन उचललं नाही. त्यांनी आणखी तीन मिनिटं जाऊ दिली, एकदा एमेटच्या पाठीकडे पाहिलं, एकदा त्या तीन गुणांच्या कागदाकडे, आणि मग कोरा कागद ओढून पूर्ण नावं घालून दोन ओळी लिहिल्या.

एमेट कुचेरा, बारापैकी बारा. डॅरल कुचेरा, बारापैकी दोन.