समुद्रकिनाऱ्याची तपासणी

आणखी एक रिसॉर्ट बाद झालं. या खेपेला कारण घसरगुंडीचं होतं. ती जिथे संपते तिथे पाणी कमी दिसतंय, असं मुलीने स्क्रीनवर बोट ठेवून दाखवलं. काकाने चष्मा कपाळावर सरकवला, फोटो मोठा करून पाहिला आणि मान्य केलं. पाणी कमी असावं. निदान भरपूर आहे असं शपथेवर सांगता आलं नसतं.

काका म्हणजे तिच्या आईचा नवरा. लग्नाला वर्ष होत आलं होतं, पण मुलांसाठी तो अजून काकाच होता आणि त्याची त्याबद्दल तक्रार नव्हती. सरकारी कागदावर तो उद्वाहन निरीक्षक होता. म्हणजे लिफ्ट तपासायचा. दिवसभर लोकांच्या इमारतींत शिरून खोट काढायची आणि वर त्याचाच पगार घ्यायचा, असं त्याचं सुखाचं काम होतं. ही विद्या नऊ वर्षांच्या मुलीला कुणी न शिकवता यावी, याचं त्याला मनापासून कौतुक वाटे. तो तिला ‘साहेब’ म्हणू लागला होता.

सुट्टीची कल्पना त्याचीच. समुद्रकाठी एक आठवडा, चौघांनी मिळून, पहिल्यांदाच. रिसॉर्ट असं हवं, की राहणं, खाणं, पोहणं, मुलांचे खेळ, सगळं एकदाच भरलेल्या पैशात यावं. तिथे गेल्यावर त्याला पाकिटाला हात लावायला नको आणि बायकोला गॅसला. हे झालं सांगायचं कारण. खरं कारण असं, की या घरातल्या भिंतीवरच्या एकाही फोटोत तो नव्हता. चौघांचा एक तरी फोटो निघावा, एवढीच त्याची गरज होती. समुद्र नसता तरी चालला असता.

जेवणं आटोपली की लॅपटॉप उघडायचा. सगळ्या रिसॉर्टांचा समुद्र एकाच बाटलीतून ओतल्यासारखा निळा होता. जाऊन आलेल्यांची मतं काका मोठ्याने वाचून दाखवी. एका गृहस्थांनी वाळू फार आहे म्हणून एकच तारा दिला होता. एका बाईंना सूर्यास्त जरा उरकल्यासारखा वाटला होता. मुलगी खुदकन हसायची आणि मग गंभीर होऊन खोट काढायची. कुठे खोलीतला पंखा फार खाली होता. कुठे जेवायची जागा फार लांब. एका ठिकाणी तर सगळं ठीक होतं, पण फोटोतली मुलं खोटं हसत होती. तिच्या धाकट्या भावाला कशाचंच वावडं नव्हतं. तो जेवतानाही पोहायचा चष्मा लावून बसे आणि निघायचं कधी, एवढंच विचारी. आई म्हणायची, तुम्हा दोघांचं ठरेपर्यंत समुद्र आटेल.

काकाला घाई नव्हती. दाखवलेली खोट दूर करायची, हे त्याच्या अंगवळणी पडलं होतं. त्याने रिसॉर्टवाल्यांना फोन लावले. पाण्याची खोली विचारली, पंख्याची उंची विचारली. एकाने तर फोन ठेवून दिला. अखेर एका रात्री त्याने बिनखोट रिसॉर्ट शोधून आणलं. पाणी पुरेसं, पंखा उंच, जेवण दारात, आणि फोटोत मुलंच नव्हती.

मुलीने सगळं वरपासून खालपर्यंत वाचलं. पुन्हा वाचलं. काहीच सापडेना, तसा तिचा चेहरा उतरत गेला.

“बोला साहेब,” काका म्हणाला. “भरू का नावं?”

ती उशीचा दोरा उसवत राहिली.

“जाताना आपण चौघं ना?”

“चौघं.”

“आणि येताना?”

स्वयंपाकघरातला नळ बंद झाला. आई ओल्या हातांनी दारात येऊन उभी राहिली. मागच्या वेळी मुलांचे बाबा अशाच एका रिसॉर्टवरून निघून गेले, असं आईने हळू आवाजात सांगितलं. नाश्त्याच्या टेबलावरून उठले, ऑफिसचं काम निघालंय म्हणाले. परत आलो ते आम्ही तिघंच.

काकाला हे माहीत होतं. लग्नाआधी बायकोने सगळं सांगितलं होतं. पण ती मोठ्यांची हकीकत होती. तिच्यात वकील होते, सह्या होत्या. घसरगुंडी नव्हती. इतके दिवस आपण पाण्याची खोली मोजत बसलो, हे त्याच्या आत्ता लक्षात आलं. आयुष्यात इतकी चुकीची तपासणी त्याने केली नव्हती.

काहीतरी गमतीचं बोलावं असं त्याला वाटलं. ते त्याने गिळलं. वचन देण्याचंही मनात आलं, पण वचनं तिने आधी ऐकली असणार, आणि चांगल्या आवाजातली.

“येताना चौघं,” तो म्हणाला. “मला सोमवारी कामावर जायचंय. आणि कामाचे बूट मी इथेच ठेवून जाणार आहे. ते नसले तर मला लिफ्टच्या खड्ड्यात उतरू देत नाहीत.”

मुलगी उठली. दाराशी गेली आणि चपलांच्या गर्दीतून तिने ते बूट बाहेर ओढले. जड होते, दोन्ही हात लावावे लागले. उलटे करून तळ पाहिले. नाडी ओढून पाहिली. मग ते धाकट्याच्या सँडलशेजारी नीट लावून ठेवले आणि येऊन काकाला खेटून बसली.

“भरा नावं,” ती म्हणाली.

त्याने चारही नावं भरली. ती एकेक अक्षर उमटताना बघत होती. शेवटचं नाव पुरं झाल्यावर ती त्याच्या कानाशी आली, आणि आईला ऐकू जाऊ नये इतक्या हळू म्हणाली,

“काका, ती बाकीची पण सगळी चांगलीच होती.”