पहिल्या रांगेतला हात

केसरीनाथने बटण दाबलं आणि पडद्यावर रशिदा तोंड अर्धवट उघडं ठेवून थांबली.

"उत्तर सोडा. तिचा हात बघा," तो म्हणाला.

नवशा आणि फखरुद्दीन हे दोघे विणकर टीव्हीपुढे सरकले. यंत्रमाग कारखान्याच्या ऑफिसात तिघंच होते. शुक्रवार होता, आठवड्याची सुट्टी, लूम बंद. काल संध्याकाळी टीव्हीवरच्या प्रश्नमंजुषेत रशिदाने सलग विजयांचा जुना विक्रम मोडला होता आणि सकाळपासून भिवंडीतल्या चहाच्या हॉटेलांत दुसरा विषय नव्हता. ती याच कारखान्यातल्या जॉबरची, म्हणजे लूम दुरुस्त करणाऱ्या मोहिउद्दीनची मुलगी.

"कंचा हात? माझी बायको तर तिची ओढणीच बघत व्हती," नवशा म्हणाला. "बोलली, दर हप्त्याला नवी हाय."

"डावा. टेबलाखालचा."

बाजूच्या कॅमेऱ्यातून तो हात स्पष्ट दिसत होता. लूम चालू असताना बोललेलं ऐकू येत नाही, म्हणून विणकर हातांनी बोलतात. बोटांची चिमूट म्हणजे धागा शाबूत. पंजा पुढे ढकलला म्हणजे चालू दे. मुंबईच्या स्टुडिओत या खुणा कोणाला कळल्या नसत्या. भिवंडीत शेंबडं पोरही त्या वाचतं.

केसरीनाथ मालकाचा मुलगा, बी.एस्सी. झालेला. त्याने सगळे भाग टेप केले होते आणि पुन्हा पुन्हा पाहिले होते. क्रम दर वेळी तोच. प्रश्न. रशिदाची चिमूट. पहिल्या रांगेत बसलेल्या मोहिउद्दीनचा पंजा. मग उत्तर. जिथे चिमूट आणि पंजा दिसत नव्हते, तिथे उत्तर चुकलं होतं.

"ती विचारते, चाचा सांगतात," तो म्हणाला. "बरोबर असेल तरच पंजा हलतो."

"अरे, मोहिउद्दीन को क्या मालूम?" फखरुद्दीन हसला. "पगाराची सही करताना त्याला घाम फुटतो."

"त्यांना नसेल. शेजारी तिच्या कॉलेजच्या मॅडम बसल्यात. त्या पुटपुटतात, चाचा खूण करतात."

फखरुद्दीन हसायचा थांबला. काल गल्लीत फटाके त्यानेच वाजवले होते.

तेवढ्यात मोहिउद्दीन पेढ्यांचा बॉक्स घेऊन दारात उभा राहिला. मागे रशिदा.

"लो भाई, तोंड गोड करा," तो मोठ्याने म्हणाला.

केसरीनाथने टेप मागे घेतली आणि रशिदाला दाखवली. चिमूट, पंजा, उत्तर. पुन्हा मागे घेतली, पुन्हा दाखवली. प्रयोगशाळेत निष्कर्ष मांडावा तसा तो शांतपणे बोलला.

"परवा पुढचं रेकॉर्डिंग आहे ना? हे काय आहे ते सांग. नाहीतर मला तिथे फोन करावा लागेल. समोर हरणाऱ्यांनीही अभ्यास केलेला असतो."

रशिदाने पडद्याकडे पाहिलं, मग वडिलांकडे. ते नवशाला पेढा भरवत होते.

"मी परवा जाणार नाही," ती म्हणाली.

नवशा चावायचा थांबला. "म्हंजे खरंच हाय तर."

फखरुद्दीनने हातातला पेढा बॉक्समध्ये परत ठेवला. दोघं बाहेर गेले.

"उसको शुगर हुई क्या?" मोहिउद्दीन हसत म्हणाला. "केसरीशेठ, तुम्ही तरी घ्या. तुमच्या कारखान्याचं नाव झालं." आणि पाठ वळवून तो पडद्यावरच्या मुलीकडे बघत राहिला.

केसरीनाथ संतापला. "चाचा, आता नाटक पुरे."

मोहिउद्दीन वळला नाही. लूम बंद होते. बाहेरच्या नळाचं ठिबकणंही ऐकू येत होतं.

"चाचा."

केसरीनाथ जवळ गेला आणि त्याच्या कानामागे जोराने टाळी वाजवली. मोहिउद्दीनने पडद्यावरची नजर हलवली नाही.

"मी विचारत नव्हते," रशिदा म्हणाली. वडील हाताच्या अंतरावर होते, तरी तिने आवाज उतरवला नाही. "मी सांगत होते. की प्रश्न येतोय मला, घाबरू नका. ते म्हणायचे, चालू दे. त्यांना तिथे आणखी काय कळणार होतं?"

"कधीपासून असं?"

"बरीच वर्षं झाली. लूमला तळहात लावून बिघाड ओळखतात. बघणाऱ्याला वाटतं, कान लावून ऐकतायत. आपण तोंडासमोर बोललो तर ओठांवरून थोडं समजतं."

"मग त्या दोघांसमोर सांगायचं ना."

"बहिऱ्या जॉबरला तुमचे वडील ड्युटीवर ठेवतील?"

केसरीनाथ आपल्या वडिलांना ओळखत होता. नजर अधू झालेल्या एका विणकराला त्यांनी कळलं त्याच दिवशी घरी बसवलं होतं. आणि त्या विणकराची नजर तपासून वडिलांना सांगणारा केसरीनाथच होता.

"तुम्ही फोन करू नका," रशिदा म्हणाली. "मी गेले नाही की विषय संपतो."

तिने वडिलांच्या खांद्याला हात लावला. ते वळले, तिचा चेहरा पाहून गोंधळले, आणि पेढ्यांचा बॉक्स पुन्हा केसरीनाथपुढे धरून उभे राहिले.

दारातून नवशाने डोकं आत घातलं. त्याच्यामागे हॉटेलातली बरीच माणसं जमली होती. कोणी पायऱ्यांवर, कोणी रस्त्यात.

"केसरीशेठ, सगळी विचारतान. तिनं कबूल केलं ना?"

रशिदा केसरीनाथकडे बघत होती. 'मी चुकलो' एवढं म्हटलं तरी पुरलं असतं. त्यात मोहिउद्दीनच्या कानांचा उल्लेख कुठेच येत नव्हता.

"हो," केसरीनाथ म्हणाला.