हातभर पाईप

तीन नट सुटले, चौथा काही हलेना.

जुनं लेथ मशीन विकून झालं होतं, आणि बाप आणि लेक ते जमिनीपासून सोडवत होते. दुपारी ते न्यायला ट्रक येणार होता, आणि तीन वाजता बँकेचा माणूस कागद घेऊन येणार होता. पाच नवी मशीनं घ्यायची होती. त्यासाठी शेड तारण आणि राहतं घरही तारण. कल्पना लेकीची, सही बापाची आणि उत्साह दोघांचा सारखाच. जमिनीवर पाच मशीनचे पाच चौकोन खडूने आखूनही झाले होते. ते बापाने पहाटे लवकर येऊन गुपचूप आखले होते.

या कारखान्यात 'नको' म्हणणारं एकच माणूस होतं, लेकीची आई. ती दोन वर्षांपूर्वी गेली. उरलेली दोघं एकाच माळेचे मणी.

लेकीने कोपऱ्यातून पुरुषभर लांबीचा पाईप उचलून आणला आणि पान्याच्या दांड्यावर चढवला. कारखान्यातला हा जुना उपाय. दांडा जितका लांब तितका जोर वाढतो, चौघांचं काम एकटा करतो. लावू का म्हणून तिने विचारलं, तर बाप म्हणाला, लाव की, विचारतेस काय.

दोघांनी मिळून ओढलं. नट जागचा हलला नाही, पाना मात्र सटकला. पाईप हातातून निसटून गरकन फिरला, लेकीच्या कानाजवळून गेला आणि भिंतीवर आदळला. दोघंही मागच्या मागे आपटली. लेकीचं कोपर खरचटलं. ती आधी खो खो हसली. मग भिंतीचा केवढा टवका उडालाय ते तिने पाहिलं आणि तिचा हात कानाकडे गेला.

धक्क्याने भिंतीवरचं कॅलेंडर खाली पडलं होतं. त्याच्यामागे खिळ्याला दोरीने बांधलेला एक आखूड पाईप लटकत होता. कॅलेंडर तिथे कोणी लावलं आणि कधी, ते बापाला चांगलं ठाऊक होतं. दोन वर्षं त्याला तो पाईप बघवला नव्हता.

"हा कसला?"

"तुझ्या आईचा."

गंजलेल्या नटावर त्यांनी रॉकेल ओतलं. ते आत मुरेपर्यंत बसून राहण्यावाचून काम नव्हतं, म्हणून बाप सांगत बसला. तीस वर्षांपूर्वी हेच मशीन बसवताना त्याने असाच लांबलचक पाईप लावला होता. बोल्ट तुटला, बाप तोंडावर पडला आणि हात मोडून घेतला. कारखाना दोन महिने बंद. तिसऱ्या दिवशी आईने करवत घेतली, पाईप स्वतःच्या हाताला लावून पाहिला आणि कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत तेवढा कापून ठेवला. गळ्यात हात बांधलेला बाप तिच्यावर ओरडला होता, की एवढ्याशा तुकड्याने काय होणार, कपाळ?

"मग?" लेकीने विचारलं.

"म्हणाली, पाईप लावू नका असं कुठे म्हणतेय मी? पाईप नसता तर हे मशीन बसलंच नसतं. पण सटकला तर उठून बसता यावं, एवढाच लांब."

मशीन घेतानाही तिचं तेच. तिच्याकडे सोन्याच्या चार बांगड्या होत्या. चारही गहाण ठेवल्या असत्या तर याच्या दुप्पट मोठं मशीन मिळत होतं, आणि बापाला तेच हवं होतं. तिने दोन काढून दिल्या. उरलेल्या दोन हातावर फिरवत म्हणाली, "या राहू देत. झोप लागायला लागतात." दिलेल्या दोन बांगड्या मशीनने दीड वर्षात सोडवून आणल्या. पण त्या दीड वर्षात बाप रात्र रात्र जागा असायचा. तिने कूस बदलली की अंधारात दोन बांगड्या वाजायच्या, आणि मग कुठे त्याचा डोळा लागायचा. तो आवाज ऐकून आता दोन वर्षं झाली.

"हे आई मला कधी बोलली नाही."

"तुला सांगून काय उपयोग? तू माझ्यावर गेलेली."

आखूड पाईपवर एकाच माणसाचे हात मावत होते. लेकीने हातोडीने नटाला चारी बाजूंनी हलके ठोके दिले, ओढलं, दम खाल्ला, पुन्हा ठोके दिले. पाचव्या खेपेला नट कुरकुरला आणि फिरला. तिने घाम पुसला. मग सहज म्हणून तिने तो पाईप आपल्या हाताला लावला. कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत, बरोबर तिच्या मापाचा.

ती पाईप मांडीवर घेऊन बसली. मग तिने बँकेत फोन लावला आणि नुसत्या शेडच्या तारणावर किती मशीनं बसतील ते विचारलं. दोन बसत होती.

"चालेल, दोनच," ती म्हणाली. "घराचे कागद आणू नका."

खरं सांगायचं तर बापाला वाईट वाटलं. पहाटेपासून पाच मशीनं त्याच्या डोळ्यांसमोर ओळीने उभी होती, आणि फार देखणी दिसत होती. लेक ओलं फडकं घेऊन गुडघ्यांवर बसली आणि खडूचे चौकोन पुसू लागली. पहिला पुसला, दुसरा पुसला. तिसऱ्यावर फडकं ठेवलं तेव्हा मात्र त्याला राहवलं नाही.

"तो राहू दे ना. जागा आहे तेवढी."

"जागा आहे हो, बाबा," ती पुसता पुसता म्हणाली. "झोपेचं काय?"

बाप तिच्या मनगटाकडे बघत राहिला. तिथे एक घड्याळ होतं आणि रॉकेल-गंजाचा काळपट डाग होता.

बाहेर ट्रकचा हॉर्न वाजला. फडकं तिथेच टाकून ती दार उघडायला गेली. तिसऱ्या चौकोनाचा एक कोपरा पुसायचा राहिला होता. बाप गुडघे सांभाळत खाली वाकला आणि तो त्याने तळहाताने पुसून टाकला.