स्वेटरवाली
नातीने काम केलेला पहिला सिनेमा म्हणून आजी हौसेने थिएटरात आली होती. जुन्या भयपटाचा हा नवा अवतार. जुना सिनेमा तिच्या गावीही नव्हता. पडद्यावर स्वेटर घातलेली नात स्वयंपाकघरात शिरली, मागून मुखवटेवाला सुरा घेऊन आला आणि मागच्या रांगेतला कुणी जाणकार पुटपुटला, “जुन्यात स्वेटरवाली इथेच खलास होते.” शेजारी बसलेल्या नातीचं मनगट आजीने घट्ट धरलं. “अगं आजी, मी इथे आहे!” “तू गप्प बस, मला तिच्याकडे बघू दे.” मुखवटेवाल्याने स्वेटर पकडला. आजीनेच विणलेला तो, नेहमीसारखा वाढत्या अंगाचा. नात त्यातून सुळकन निसटून खिडकीबाहेर पळाली. “शूटिंगला चुकून निसटले. दिग्दर्शकाला आवडलं, मला जिवंत ठेवलं,” नात कुजबुजली. आजीने मनगट सोडून पॉपकॉर्न मांडीवर घेतले. “आता बाकीचे मेले तरी चालतील.”