कागदावरची सवय

सासू कागद उजेडाकडे धरून एकेक अक्षर लावत होती. पन्नाशी उलटल्यावर ती वाचायला शिकली होती. नुसत्या डोळ्यांनी तिला वाचता येत नसे, ओठ हलवावे लागत.

"स... व... यी... चा." ती थांबली. "सवयीचा गर्भपात."

सुनेच्या, मालसुकच्या, हातातलं ओलं समुद्रशेवाळ घसरून परत टबात पडलं. तिने धुवायला टाकलेल्या आपल्या कोटाच्या खिशात तो कागद राहून गेला होता. लागोपाठ तीनदा मूल टिकलं नाही की आमच्या पुस्तकात हेच नाव लिहितात, असं मोकपो शहरातले डॉक्टर म्हणाले होते. यात तुमचा दोष नाही, चौथा महिना लागला की गर्भाशयाच्या तोंडाला टाका घालू, आणि मग बाळ होईपर्यंत झोपून राहायचं. शेवाळाच्या ऐन हंगामात झोपून राहायचं! घरात हे सांगण्यापेक्षा कागद लपवणं सोपं होतं. आता या चौथ्या खेपेचा तिसरा महिना सरत आला होता.

"आई, ते तसं नाही हो. ते नुसतं आजाराचं नाव—"

"सवय म्हणजे काय ते कळतं मला," सासू म्हणाली. तिने कागदाची घडी केली आणि कमरेच्या बटव्यात घातली.

त्यानंतर ती बोललीच नाही. पहिलं मूल गेलं तेव्हा तिने सुनेला तीन दिवस गरम सूप करून घातलं होतं. दुसऱ्या वेळी एक दिवस. तिसऱ्या वेळी हंगाम होता. आता ती फक्त बघायची. मालसुक टब उचलायला वाकली की बघायची, विहिरीवर गेली की मागून बघायची. संध्याकाळी रेडिओवर बातमी लागली, की नशेची सवय लावणाऱ्या गोळ्या विकताना बुसानमध्ये दोघांना धरलं. सासूने उठून आवाज वाढवला. नवरा बोटीवर होता, महिनाअखेरीपर्यंत येणार नव्हता.

चौथ्या दिवशी अंगणात बायका चटयांवर शेवाळ थापत बसल्या होत्या. त्यांच्या बेटावर बायकांना माहेरच्या गावाच्या नावाने हाक मारत.

"काय गं जिंदोवाली," शेजारची वान्दोवाली सासूला म्हणाली, "तोंडात शेवाळ भरलंयस का चार दिवस?"

"सवय कशी मोडतात गं?" सासूने विचारलं.

"कुणाची? आमच्या म्हाताऱ्याची पत्त्यांची मोडायची तर बोटं छाटावी लागतील. तरी मेला पायांनी पत्ते पिसेल!"

सगळ्या हसल्या. मालसुकनेही हसल्यासारखं केलं. सासू हसली नाही.

"मुळापासूनच काढायला हवी," ती म्हणाली. तिची नजर सुनेच्या पोटावर होती.

दुसऱ्या दिवशी उजाडताना उंबऱ्याशी गाठोडं होतं. त्यात मालसुकचे कपडे बांधले होते.

"चल."

"कुठं, आई?"

"काहीतरी गरम घाल अंगात."

गाठोडं घेऊन बोटीत बसवलेली सून परत येत नाही, हे बेटावर लहान पोरांनाही माहीत होतं. धक्क्यावरच्या बायकांचे हात थांबले. वान्दोवाली ओरडली, "अगं, ऐन हंगामात सुनेला कुठं नेतेस? परत तरी आणशील ना?"

"बघू," सासू म्हणाली.

बोट झाली, मग बस झाली. हेनामचा थांबा आला. मालसुकचं माहेर तिथून कोसभर. ती न सांगताच उठली आणि तिने गाठोड्याला हात घातला. सासूने तिचं मनगट धरलं.

"बस खाली."

"पण आई, माझं गाव..."

"तुझ्या आईला काय तोंड दाखवू मी?"

बस पुढे निघाली. मालसुक परत खाली बसली. माहेरी टाकणार असती तर रडून मोकळं होता आलं असतं. आता रस्ता एकच उरला होता, मोकपोचा. तिथे बंदरामागच्या गल्लीत एक बाई होती. ती पोट रिकामं करून देते, असं बेटावरच्या बायका कुजबुजत. काहींची पोटं तर तिने पुन्हा कधी भरूच नयेत अशी करून दिली होती म्हणे. मालसुकने दोन्ही हात पोटावर ठेवले आणि ते मोकपो येईपर्यंत काढले नाहीत.

बसमधून उतरल्यावर बंदराचा वास आला. ती जागीच उभी राहिली.

"मी येणार नाही, आई," ती म्हणाली. लग्नानंतर सासूला 'नाही' म्हणायची ही पहिलीच वेळ. "मारा हवं तर. हे मला हवंय."

सासूने तिच्याकडे पाहिलं. मग दंडाला धरून ती तिला ओढत चालायला लागली. बंदराची गल्ली आली. सासू तिकडे वळली नाही. चढ चढून, बटव्यातल्या कागदावरचं नाव पाटीशी जुळवून ती एका पांढऱ्या इमारतीत शिरली. मालसुकने ती इमारत ओळखली. डॉक्टरांचं नाव अजून त्याच दारावर होतं.

खिडकीतल्या नर्सने जुनी फाइल काढली. "मालसुक. ही चौथी खेप, नाही का? याआधीची किती गेली?"

मालसुकची मान खाली गेली.

"सात," सासू म्हणाली.

नर्सने पान पुन्हा बघितलं. "अहो आजी, इथे तर तीनच लिहिलीयत."

"तीन हिची, चार माझी. सवय आमच्या घराला आहे, बाई. हिचं नाव खोडा, घराचं घाला."