कोण येऊन गेलं

शनिवारी दुपारी फुरकान पुन्हा येऊन गेला. पडद्यावर त्याचं नाव दिसलं आणि अश्वजितच्या छातीत धडधडायला लागलं. आता ज्याचं नाव वाचून कुणाच्या छातीत धडधडावं, असं फुरकानमध्ये काही नव्हतं. तो अश्वजितचा शाळेपासूनचा दोस्त, महाडला एसटी स्टँडसमोर इंटरनेट कॅफे चालवणारा, पोट सुटलेला, पान खाणारा माणूस. पण त्या नावामागे कोण बसलंय हे अश्वजितला पक्कं ठाऊक होतं. निदान त्याला तसं वाटत होतं.

साल २००७. पुण्यातल्या एका लहानशा कंपनीत अश्वजित 'पडवी' नावाच्या संकेतस्थळावर काम करायचा. गावोगावची मराठी माणसं तिथे आपापलं पान उघडत, फोटो लावत, गप्पा मारत. त्यांना आणखी काय देता येईल हे शोधून काढणं, हे त्याचं काम. 'कोण येऊन गेलं' ही सोय त्याच्याच डोक्यातून निघाली. पोलादपूरच्या वर डोंगरात त्यांची वाडी. शाळेतून घरी आला की तो आधी आईला हेच विचारायचा, आणि जानकीबाई चूल फुंकता फुंकता सगळी नावं सांगायची. इथे ते काम संगणक करणार होता. आपलं पान कुणी पाहिलं, त्याचं नाव आपल्याला दिसणार.

"हे कुणाला हवंय?" साहेबांनी विचारलं होतं.

"लोकांना," तो म्हणाला. लोकांना म्हणजे त्याला. आणि त्यालाही सगळी नावं नको होती, एकच हवं होतं.

शर्मिला महाडच्या कॉलेजात त्याच्या वर्गात होती. आता तिथेच शाळेत शिकवत होती. तो पुण्याला निघाला त्या दिवशी ती स्टँडवर आली, गाडी सुटेपर्यंत उभी राहिली, आणि खिडकीतून बिस्किटांचा पुडा देऊन "वाटेत खा" एवढंच म्हणाली. त्याच्याही तोंडाशी काहीतरी आलं होतं, पण तेवढ्यात गाडी हलली. तो पुडा त्याने अजून फोडला नव्हता. तिच्या आठवणीने जीव कासावीस व्हायचा, आणि सांगायचं तर कुणाला?

तिचं नाव कधी आलंच नाही. फुरकानचं यायचं, दर शनिवारी दुपारी. महाडच्या मुली स्वतःच्या नावाने खातं उघडत नसत. उगाच गावभर चर्चा नको, म्हणून फुरकानच्याच खात्यावरून काय ते बघून घेत. सकाळी कॅफेचं शटर वर गेलं की ते खातं उघडायचं आणि शटर खाली येईपर्यंत उघडंच असायचं. शनिवारी शाळा सकाळची, दुपारी बाई मोकळ्या. सगळं कसं चोख जुळत होतं. फुरकानला फोन करून विचारता आलं असतं, पण मग उत्तरही ऐकावं लागलं असतं.

त्याच आठवड्यात त्याने पानावरचा फोटो बदलला. जुना फोटो महाडच्या स्टुडिओतला होता. केस तेल लावून चापून बसवलेले, डोळे वटारून सरळ समोर बघणारा. नव्या फोटोत तो ऑफिसच्या गच्चीवर कठड्याला टेकून लांब कुठेतरी बघत होता. एका सहकाऱ्याने त्याला तसा उभा केला होता. मुलींना असलं आवडतं म्हणे.

आणि पुढच्या शनिवारी पठ्ठ्या सकाळच्या गाडीत बसला. गेल्या वीस मार्चला चवदार तळ्यावर आला होता, त्यानंतर आजच. एरवी त्याला सवड नसायची. वरंध घाटाच्या वळणांवर गाडी खाली उतरत होती आणि तो शर्मिलाशी बोलायची वाक्यं मनात जुळवत होता. स्टँडवर उतरला तेव्हा समोरच पोलादपूरची गाडी लागलेली होती. आईकडे संध्याकाळी जाऊ, असं म्हणून त्याने रस्ता ओलांडला.

कॅफेत लाकडी फळ्यांचे आडोसे होते. शेवटच्या आडोशाबाहेर कुणीतरी चपला काढून ठेवल्या होत्या. एकीचा तुटलेला पट्टा सेफ्टी पिनेने जोडलेला होता. अश्वजितने त्या चपला ओळखल्या आणि जुळवलेलं एकही वाक्य मनात उरलं नाही.

आत जानकीबाई बसली होती. तळ्यावर जाताना नेसायचं ठेवणीतलं पांढरं पातळ नेसून, डोक्यावर पदर घेऊन, ताठ. समोर पडद्यावर तिचा मुलगा होता.

फुरकानने त्याला दंडाला धरून बाजूला घेतलं. "दर शनिवारी येते. दवाखान्यातून गोळ्या घेते, मग इथं. तुला सांगू नको म्हणाली, पोरगा काम टाकून धावत येईल." त्याने आडोशाकडे पाहिलं. "तिला वाटतं, तू पण तिकडून तिला बघतोस. म्हणून तर एवढी नीटनेटकी होऊन येते. आता नाही म्हणून कसं सांगू रे मी?"

काम टाकून अश्वजित धावत आलाच होता.

आत जानकीबाई पडद्याशी हळू आवाजात बोलत होती. जेवलास काय, खोकला गेला काय, असं विचारायची आणि प्रत्येक वेळी थोडी थांबायची. मग तिने खुर्ची डावीकडे सरकवून पाहिली, पुन्हा उजवीकडे सरकवली. पदर सारखा केला. शेवटी मान न वळवताच तिने हाक मारली.

"फुरकान, आज हा माझ्याकडं बघतच नाय रे. दुसऱ्या कुणाची वाट बघतोय वाटतं."