चार नंबरची खुर्ची

"चार नंबर तू घे. मी सहा घेते," मोठ्या सिस्टर म्हणाल्या.

धाकट्या नर्सला हसू आलं. चार नंबरच्या आजींच्या तोंडाचा पट्टा एकदा सुरू झाला की थांबायचा नाही. मोठ्या सिस्टर केमोच्या वॉर्डात नुकत्याच बदलून आल्या होत्या, पण त्याही इतक्यात शहाण्या झालेल्या दिसत होत्या.

आजींचा हात सुजलेला, म्हणून मनगटावरची नावाची पट्टी कापावी लागली होती. नवी यायची होती. ट्रेमध्ये दोन पेशंटच्या औषधांच्या दोन पिशव्या होत्या, एक पाण्यासारखी, एक लाल. दोन्हींवर नाव एकच, आडनावं वेगळी. अशा वेळी नियम साधा होता. नाव आपण घ्यायचं नाही, पेशंटच्या तोंडून वदवून घ्यायचं. आपण घेतलं तर गुंगीतला माणूस कुठल्याही नावाला हो म्हणतो.

"आजी, पूर्ण नाव सांगा."

"का गं, तुझ्या पोरीला ठेवायचंय का?" आजी म्हणाल्या आणि एका दमात नाव, आडनाव सांगून मोकळ्या झाल्या. लाल पिशवीवर तेच होतं.

"जन्मतारीख?"

"ती काय पाठ करायची गोष्ट आहे? म्हातारी झाले, एवढं कळतं."

धाकटीने तारखेचा नाद सोडला, फाइलही उघडली नाही. नाव तर खणखणीत सांगितलं होतं. आता दुसऱ्या नर्सने तपासायचं. बाकीच्या जेवायला गेल्या होत्या, म्हणून तिने मोठ्या सिस्टरना हाक मारली.

त्यांनी लेबल वाचलं आणि नळीच चिमटीत धरली. "हे लावायचं नाही."

"अहो, त्यांनीच नाव सांगितलं!"

"लाल औषध यांच्या हृदयाला झेपणार नाही. यांची पिशवी दुसरी. फाइल बघ."

फाइलवर फोटो आजींचाच होता, आडनाव दुसऱ्या पिशवीवरचं. मिनिटभरात थेंब सुरू झाले असते, आणि ते कुणालाच परत घेता आले नसते.

"मग आजी खोटं का बोलल्या?"

"खोटं नाही. ते लग्नाआधीचं आडनाव. हल्ली त्यांना तेच आठवतं. म्हणून तारीख सोडायची नसते."

"हिला रागवू नकोस गं," आजी मध्येच सिस्टरना म्हणाल्या. "तू नवीन आहेस का? तुझी आई कुठे असते?"

"इथेच असते," म्हणत सिस्टरनी दोन्ही पिशव्या पुन्हा तपासायला पाठवल्या.

धाकटीने फाइल पुन्हा पानोपान चाळली. चूक आपलीच होती, पण एक गोष्ट तिच्या डोक्यातून जाईना.

"सिस्टर, लग्नाआधीचं आडनाव फाइलमध्ये कुठेच नाही. तुम्हाला कसं कळलं?"

सिस्टरनी आजींच्या पायांवरची चादर सारखी केली.

"माझ्या आजोळचं आडनाव मला कळणार नाही?"